लॉग कोण साफ करणार? एक्स्चेंज सर्व्हरच्या नित्य देखभालीसाठी बॅकअपच्या चार पद्धतींची तुलना

वर्षातून एकदा बॅकअप सॉफ्टवेअरच्या नूतनीकरणाचे दरपत्रक येते, आणि हेच पुढे चालवावे की दुसरे घ्यावे हा प्रश्न बहुतेक कार्यालयांना तेव्हाच पडतो. दरपत्रकात किंमत, साठवणुकीत होणारी बचत आणि बॅकअपला लागणारा वेळ असे तीन रकाने असतात. ज्या कार्यालयात मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज हा मेल सर्व्हर स्वतःच्या सर्व्हर-खोलीत चालतो, तेथे हे तीन रकाने पुरत नाहीत, कारण एक्स्चेंजच्या देखभालीतले एक रोजचे काम बॅकअप सॉफ्टवेअरच करत असते. ते काम म्हणजे ट्रान्झॅक्शन लॉग साफ करणे. ते कोण करते, कधी करते आणि झाले नाही तर कोणाला कळते, यावर त्या सर्व्हरचा पुढचा आठवडा कसा जाईल हे ठरते.

साधारण शंभर ते पाचशे मेलबॉक्स, एक किंवा दोन एक्स्चेंज सर्व्हर आणि देखभालीला एक-दोन माणसे एवढा पसारा असलेली संस्था डोळ्यांसमोर ठेवून हा आढावा लिहिला आहे. तुलना चार पद्धतींची आहे: विंडोजबरोबरच मिळणारा विंडोज सर्व्हर बॅकअप, सर्व्हरच्या आत एजंट बसवून चालणारी, बॅकअप एक्झेकसारखी सॉफ्टवेअर, आख्ख्या व्हर्च्युअल मशीनची प्रतिमा घेणारी, व्हीमसारखी सॉफ्टवेअर, आणि वेगळा बॅकअप न घेता डॅगमधील (एकाच डेटाबेसच्या प्रती सांभाळणाऱ्या एक्स्चेंज सर्व्हरच्या गटातील) अनेक प्रतींवर विसंबण्याची, खुद्द मायक्रोसॉफ्टने पुरस्कारलेली पद्धत.

लॉगचा हिशेब

एक्स्चेंजमध्ये आलेली मेल थेट डेटाबेसच्या मोठ्या फाइलमध्ये जात नाही. प्रत्येक बदल आधी लॉगमध्ये लिहिला जातो आणि सवडीने डेटाबेसमध्ये उतरतो. मधेच वीज गेली तर सर्व्हर पुन्हा सुरू होताना हेच लॉग वाचून डेटाबेस ताळ्यावर आणतो. एक्स्चेंज २००७ पासून प्रत्येक लॉग फाइल १ एमबीची असते, त्यापूर्वी ती ५ एमबीची असे. म्हणजे दिवसाला २० जीबी बदल होणाऱ्या डेटाबेसमागे रोज सुमारे वीस हजार फाइल तयार होतात. डेटाबेसमध्ये उतरले म्हणून हे लॉग आपोआप जात नाहीत, कारण जुना बॅकअप परत आणून त्याच्यावर हे लॉग चढवले तर बिघाडाच्या क्षणापर्यंतची मेल मिळू शकते. पूर्ण किंवा इन्क्रिमेंटल (गेल्या बॅकअपनंतरचे बदल तेवढे घेणारा) बॅकअप यशस्वी झाला, की एक्स्चेंज समजतो की आता हे लॉग दुसरीकडे सुरक्षित आहेत, आणि मगच तो ते पुसतो. कॉपी (निव्वळ वेगळी प्रत) आणि डिफरेन्शियल (गेल्या पूर्ण बॅकअपनंतरचे सगळे बदल) या प्रकारच्या बॅकअपनंतर मात्र तो काहीही पुसत नाही.

शुक्रवारी रात्री बॅकअप अडखळला आणि सोमवारी सकाळपर्यंत कोणी पाहिले नाही, तर वरच्याच उदाहरणात लॉगच्या ड्राइव्हवर आणखी चाळीस-साठ जीबी भर पडलेली असते. ड्राइव्ह भरला की डेटाबेस स्वतःहून डिसमाउंट होतो आणि सगळ्यांची मेल एकदम बंद पडते. हे टाळायचे तर सर्क्युलर लॉगिंग चालू करता येते, म्हणजे डेटाबेसमध्ये उतरलेले लॉग बॅकअपची वाट न पाहता आपोआप पुसले जातात. पण मग इन्क्रिमेंटल बॅकअप घेता येत नाही आणि बिघाड झालाच तर शेवटच्या पूर्ण बॅकअपपर्यंतच परत जाता येते, त्यानंतर आलेली मेल गेली म्हणून समजायची. एकाच सर्व्हरच्या कार्यालयात हा सौदा मला पटत नाही.

मी स्वतः हा धडा एका कारखान्याच्या कार्यालयात शिकलो. तिथे विंडोज सर्व्हर बॅकअप रोज रात्री चालत होता, रोज सकाळी हिरवी खूण दिसत होती, आणि तरीही एका सोमवारी अकराच्या सुमारास सगळ्या विभागांतून एकाच वेळी फोन येऊ लागले. बॅकअप खरोखरच होत होता, पण त्याचा प्रकार कॉपी असा निवडलेला राहिला होता, आणि कित्येक महिन्यांचे लॉग ड्राइव्हवर जसेच्या तसे पडून होते. अशा वेळी हात सर्वांत आधी डिलीटच्या बटणाकडे जातो, तो आवरावा. ईएसई-युटिल या साधनाने चेकपॉइंट, म्हणजे बदल डेटाबेसमध्ये कुठवर उतरले आहेत ती खूण, कोणत्या लॉगपर्यंत आला आहे ते पाहावे, त्याआधीचे लॉग न पुसता दुसऱ्या डिस्कवर हलवावेत, डेटाबेस माउंट करावा आणि ताबडतोब पूर्ण बॅकअप घ्यावा. तेव्हापासून मी बॅकअप सॉफ्टवेअरच्या हिरव्या खुणेवर विसंबत नाही. सर्व्हरच्या इव्हेंट लॉगमध्ये २२४ क्रमांकाची नोंद आहे की २२५ क्रमांकाची, एवढे मी रोज पाहतो. पहिलीचा अर्थ लॉग पुसले गेले, दुसरीचा अर्थ पुसण्याजोगे काही सापडले नाही. २२५ ची नोंद सलग तीन दिवस दिसली तर कुठेतरी गाडे अडले आहे.

विंडोज सर्व्हर बॅकअप

याची जमेची बाजू उघड आहे: तो विंडोजचाच भाग आहे, परवाना वेगळा लागत नाही आणि एक्स्चेंज बसवताना त्याला लागणारा जोडभागही सोबतच येतो. एक्स्चेंज २०१० पासून जुनी स्ट्रीमिंग पद्धत काढून टाकली गेली आणि सगळे बॅकअप व्हीएसएस या, चालू फाइलची एका क्षणाची प्रत (शॅडो कॉपी) घेणाऱ्या, विंडोजच्या यंत्रणेतूनच होतात. विंडोज सर्व्हर बॅकअपही तीच यंत्रणा वापरतो. तत्त्वतः तो लॉग तितक्याच चोखपणे साफ करतो, जितक्या चोखपणे लाखभर रुपयांचे सॉफ्टवेअर करते.

देखभालीच्या दृष्टीने त्याच्या मर्यादा मात्र चार ठिकाणी टोचतात. पहिली वर आलीच आहे: व्हीएसएसच्या पर्यायांत कॉपी हीच मूळ निवड असते, पूर्ण बॅकअपची निवड आठवणीने करावी लागते, आणि ती एका आतल्या पानावर असल्याने विसरली जाते. दुसरी म्हणजे तो ड्राइव्ह या एककात विचार करतो. डेटाबेस एका ड्राइव्हवर आणि लॉग दुसऱ्यावर असतील तर दोन्ही ड्राइव्ह निवडावे लागतात. तिसरी, नेटवर्कवरील सामायिक फोल्डरमध्ये बॅकअप ठेवल्यास तो तिथे एकच, शेवटचाच बॅकअप ठेवतो. आधीचा त्याने पुसला जातो. गेल्या बुधवारची स्थिती हवी असेल तर ती नाही. चौथी, डॅगमध्ये तो फक्त सक्रिय, म्हणजे त्या वेळी वापरात असलेल्या, प्रतीचा बॅकअप घेऊ शकतो, म्हणजे देखभालीसाठी डेटाबेस दुसऱ्या सर्व्हरवर हलवला की त्या रात्रीच्या बॅकअपचे गणित बिघडते.

एखाद्या वरिष्ठांची पुसलेली एकच मेल परत हवी असेल, तर या पद्धतीत आख्खा डेटाबेस वेगळ्या जागी आणावा लागतो, ईएसई-युटिलने त्यावर लॉग चढवून तो स्वच्छ बंद झालेल्या अवस्थेत आणावा लागतो, रिकव्हरी डेटाबेस म्हणून तो माउंट करावा लागतो आणि मग त्यातून ती मेल काढावी लागते. दीडशे जीबीच्या डेटाबेससाठी हे अर्ध्या दिवसाचे काम आहे.

एजंट की प्रतिमा

खरी निवड बहुतेक ठिकाणी या दोघांतच असते, म्हणून येथे थोडे थांबू.

एजंटवर चालणारे सॉफ्टवेअर सर्व्हरच्या आत बसते आणि एक्स्चेंजशी डेटाबेसच्या पातळीवर बोलते. कोणता डेटाबेस कधी घ्यायचा, पूर्ण कधी आणि इन्क्रिमेंटल कधी, डॅगमधील कोणत्या सर्व्हरवरची निष्क्रिय प्रत वापरायची, हे सगळे वेगवेगळे ठरवता येते. रविवारी पूर्ण आणि इतर दिवशी इन्क्रिमेंटल असे वेळापत्रक ठेवले तरी लॉग रोज साफ होतात, कारण इन्क्रिमेंटल बॅकअपही ते पुसतो. सर्व्हर व्हर्च्युअल नसून प्रत्यक्ष यंत्रावर असेल तर स्वाभाविक पर्याय हाच आहे, आणि टेपवर प्रती ठेवण्याचा नियम असलेल्या संस्थांमध्ये तो पूर्वीपासून रुजलेला आहे.

त्याची किंमत देखभालीत वसूल होते. एजंट हे सर्व्हरवरचे आणखी एक सॉफ्टवेअर असल्याने त्यालाही अपडेट लागतात, त्याचे स्वतंत्र सेवा-खाते असते आणि त्या खात्याला एक्स्चेंजमध्ये भरपूर अधिकार द्यावे लागतात. त्या खात्याचा पासवर्ड बदलला आणि बॅकअप सॉफ्टवेअरमध्ये तो बदलायचा राहिला, की त्याच रात्री बॅकअप थांबतो. एक्स्चेंजचा नवा अपडेट चढवण्यापूर्वी आपल्या एजंटची आवृत्ती त्याच्याबरोबर चालते का, हे उत्पादकाच्या यादीत पाहणे हाही नित्य देखभालीचाच भाग होतो, आणि ती यादी अपडेटच्या मागून काही आठवड्यांनी बदलते, असा अनुभव आहे.

प्रतिमा घेणारे सॉफ्टवेअर बाहेरून काम करते. व्हीएमवेअर किंवा हायपर-व्ही आपल्या मशीनचा क्षणभराचा स्नॅपशॉट घेतो, सॉफ्टवेअर गेल्या वेळेनंतर बदललेले ब्लॉक तेवढे उचलते, आणि स्नॅपशॉट मिटवला जातो. यात ध्यानात ठेवण्याची गोष्ट अशी, की निव्वळ स्नॅपशॉटला एक्स्चेंजचा पत्ताच नसतो. मशीनच्या आत शिरून व्हीएसएसला जागे करणारा, ॲप्लिकेशनची दखल घेणारा पर्याय जॉबमध्ये चालू केलेला असेल, तरच बॅकअप सुसंगत होतो आणि लॉग पुसले जातात. तो पर्याय बंद असेल तर बॅकअप झटपट होतो, अहवाल हिरवा येतो आणि लॉग तसेच राहतात. याहून फसवा प्रकार म्हणजे, आतील प्रक्रिया जमली नाही तरी पुढे जा, अशी सवलत देणारी निवड. जॉब अडू नये म्हणून पुष्कळ जण ती करून ठेवतात. मी ती कधीही करत नाही. एक्स्चेंजच्या जॉबने आतली प्रक्रिया फसल्यावर अपयशी व्हावे आणि मला तसे कळवावे, हेच बरे.

दोन्ही पद्धतींना समान असलेली एक अडचण म्हणजे वीस सेकंदांची मर्यादा. व्हीएसएसने सांगितल्यावर एक्स्चेंज आपले लिखाण गोठवतो, पण वीस सेकंदांपेक्षा जास्त काळ तो तसा राहत नाही. तेवढ्यात शॅडो कॉपी तयार झाली नाही तर बॅकअप फसतो. जुन्या, मंद डिस्कवर किंवा एकाच साठवणुकीवर सगळे जॉब एकाच वेळी सुटत असताना हे होते, आणि बॅकअप सॉफ्टवेअर बदलून ते सुटत नाही. अशा ठिकाणी बॅकअपची वेळ रात्री बारावरून दोनवर नेली तरी पुष्कळदा काम भागते, कारण बारा वाजता सर्वांचेच जॉब लावलेले असतात.

प्रतिमेच्या पद्धतीची स्वतःची अडचण डॅगमध्ये दिसते. स्नॅपशॉट मिटवताना मशीन काही क्षण थबकते; त्या क्षणांत क्लस्टरमधील दुसऱ्या सर्व्हरला वाटते की हा गेला, आणि डेटाबेस दुसरीकडे उडी मारतात. विंडोज सर्व्हर २०१२ आर२ पर्यंत एकाच सबनेटमध्ये पाच ठोके (सर्व्हर एकमेकांना ठरावीक वेळाने पाठवतात ते ‘मी चालू आहे’ असे संदेश) चुकले की सर्व्हर गेला असे धरले जाई. २०१६ पासून ही मर्यादा दहावर नेली गेली. बॅकअपच्या वेळीच डेटाबेस जागा बदलत असतील तर आधी हाच आकडा तपासावा. एजंटच्या पद्धतीत मशीनच थबकत नसल्याने हा प्रश्न येत नाही.

एक गोष्ट दोघांनाही कटाक्षाने वर्ज्य आहे: एकाच सर्व्हरवर दोन्ही चालवणे. नवे सॉफ्टवेअर आजमावून पाहताना जुनेही राहू द्यावे, असा विचार सुरक्षित वाटतो. पण दोघेही लॉग पुसत असतील तर एकाने पुसलेले लॉग दुसऱ्याच्या साखळीत नसतात आणि दोघांचेही इन्क्रिमेंटल बॅकअप अर्धवट राहतात. आजमावायचेच असेल तर नव्याला कॉपी प्रकारावर ठेवावे.

बॅकअपविना डॅग

डेटाबेसच्या तीन किंवा अधिक प्रती वेगवेगळ्या सर्व्हरवर ठेवायच्या, त्यांपैकी एक काही दिवस मागे ठेवायची, पुसलेली मेल ठराविक मुदतीपर्यंत डेटाबेसमध्येच राखायची आणि पारंपरिक बॅकअप सोडून द्यायचा, अशी ही पद्धत आहे. मागे ठेवलेली प्रत जास्तीत जास्त चौदा दिवस मागे राहू शकते. लॉग सर्व प्रतींपर्यंत पोहोचले की आपोआप पुसले जातात. अपडेटच्या दिवशी हीच पद्धत सर्वांत सुखाची आहे: एका सर्व्हरवरचे डेटाबेस दुसऱ्यावर न्यावेत, तो देखभालीच्या अवस्थेत टाकावा, अपडेट चढवावा, परत आणावा, वापरणाऱ्यांना कळतही नाही.

तरीही आपल्या डोळ्यांसमोरच्या आकाराच्या संस्थेला मी ती सुचवणार नाही. तीन सर्व्हरचे परवाने, तीन सर्व्हरची डिस्क आणि तिघांचे अपडेट हा पसारा दोन माणसांनी ओढण्याजोगा नाही. त्याहून मोठे कारण खंडणीखोर सॉफ्टवेअरचे (रॅन्समवेअरचे) आहे. सगळ्या प्रती एकाच डोमेनमध्ये आणि एकाच प्रशासक खात्याच्या ताब्यात असतात. ते खाते हल्लेखोराच्या हाती गेले की मागे ठेवलेली प्रतही त्याच्याच हाती जाते. डॅग हे डिस्क आणि सर्व्हर बिघडण्यावरचे उत्तर आहे, आणि त्या कामात ते उत्तम आहे.

ज्यांच्याकडे दोन सर्व्हरचा डॅग आहे आणि बॅकअपही आहे, त्यांनी एक खाचखळगा ओळखून ठेवावा. डॅगमध्ये बॅकअप यशस्वी झाला तरी लॉग पुसण्यापूर्वी एक्स्चेंज इतर प्रतींची वाट पाहतो. दुसरी प्रत बिघडलेली किंवा थांबवलेली असेल, तर पहिल्या सर्व्हरवर लॉग साचत राहतात आणि दोष बॅकअप सॉफ्टवेअरवर येतो. उत्पादकाकडे तक्रार नोंदवण्यापूर्वी प्रतींची प्रकृती पाहावी.

अपडेटच्या दिवशी

एक्स्चेंजचे मोठे अपडेट, ज्यांना सगळे सीयू (क्युम्युलेटिव्ह अपडेट) म्हणतात, एकदा चढले की उतरवता येत नाहीत. उतरवायचे तर सर्व्हरच उतरवावा लागतो. शिवाय एक्स्चेंजची बरीचशी मांडणी त्या सर्व्हरवर नसून अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत (नेटवर्कमधील खाती आणि मांडणी यांच्या विंडोजच्या सामायिक नोंदवहीत) असते आणि सीयू तिच्यातही बदल करू शकतो. म्हणून अपडेटपूर्वी व्हर्च्युअल मशीनचा स्नॅपशॉट घ्यावा आणि बिघडले तर मागे जावे, ही सर्रास दिसणारी सवय धोक्याची आहे. मशीन मागे जाते, डिरेक्टरी जात नाही, दोघांचा मेळ बसत नाही, आणि मधल्या काळात आलेली मेलही जाते. मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंजसाठी असा स्नॅपशॉट मान्य करत नाही, आणि विसरून राहिलेला स्नॅपशॉट पुढे डिस्क खातो तो वेगळाच.

बॅकअप घेणाऱ्या तिन्ही पद्धतींत क्रम साधारण एकच राहतो. आदल्या रात्रीचा पूर्ण बॅकअप लॉग पुसल्याच्या नोंदीसह पाहून घ्यावा. डोमेन कंट्रोलरचा, म्हणजे ही डिरेक्टरी सांभाळणाऱ्या सर्व्हरचा, सिस्टीम स्टेट बॅकअप घ्यावा. सर्व्हरची ओळख पटवणारे प्रमाणपत्र खासगी किल्लीसह बाहेर काढून ठेवावे, कारण सर्व्हर नव्याने उभारताना डिरेक्टरीतून बाकी मांडणी परत येते, प्रमाणपत्र येत नाही. आणि अपडेट चालू असताना बॅकअपचा जॉब बंद ठेवावा. अपडेटनंतर व्हीएसएस रायटरची (व्हीएसएसच्या सांगण्यावरून आपले लिखाण गोठवणाऱ्या भागांची) यादी पाहावी. एक्स्चेंजचा रायटर स्थिर दिसत नसेल तर रात्रीचा बॅकअप फसणारच आहे, ते संध्याकाळीच कळलेले बरे.

सर्व्हर खरोखरच गेला तर मात्र पद्धतींमधला फरक ठळक होतो. एजंटच्या किंवा विंडोजच्या बॅकअपवर असलेल्याला त्याच नावाचे नवे विंडोज उभारून एक्स्चेंजचा सेटअप रिकव्हर-सर्व्हर या प्रकारे चालवावा लागतो आणि मग डेटाबेस परत आणावे लागतात. यात सहज एक दिवस जातो. प्रतिमेवाल्याचा आख्खा सर्व्हर तासा-दोन तासांत उभा राहू शकतो. दर वेळी हा वेगच हवा असतो असे नाही. २ मार्च २०२१ रोजी मायक्रोसॉफ्टने एक्स्चेंजमधील, प्रॉक्सीलॉगऑन या नावाने ओळखल्या गेलेल्या दोषांवर तातडीचे अपडेट काढले, तेव्हा हल्लेखोर आधीच अनेक सर्व्हरमध्ये शिरून वेबशेल, म्हणजे सर्व्हर दूरून चालवू देणाऱ्या छुप्या फाइल, पेरून गेले होते. अशा सर्व्हरची प्रतिमा परत आणली की त्यातला वेबशेलही परत येतो. नवा सर्व्हर उभारून त्यावर फक्त डेटाबेस आणणाऱ्याला हा त्रास नव्हता. त्याच प्रसंगी असेही दिसले की सुरुवातीला ते अपडेट अलीकडच्या सीयूवरच बसत होते, त्यामुळे सीयू चढवणे वर्षभर टाळलेल्यांना एका रात्रीत दोन-दोन अपडेट चढवावे लागले. बॅकअप कोणताही असो, सीयूची टाळाटाळ तो भरून काढत नाही.

आत्ता निवड करणाऱ्याने आणखी एक गोष्ट जमेस धरावी. एक्स्चेंज २०१६ आणि २०१९ या दोघांच्या पाठिंब्याची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. पुढचा मार्ग सबस्क्रिप्शन एडिशन ही एक्स्चेंजची नवी आवृत्ती हा आहे. २०१९ वर असलेल्याला तिथे सर्व्हर न बदलता जाता येते, २०१६ वाल्याला नवा सर्व्हर उभारून मेलबॉक्स हलवावे लागतात. तीन वर्षांचा बॅकअप परवाना घेताना नव्या आवृत्तीला पाठिंबा असल्याचे लेखी मागून घ्यावे.

डेटाबेस आवळणे आणि मेलबॉक्स हलवणे

पुष्कळ मेलबॉक्स पुसले तरी डेटाबेसची फाइल लहान होत नाही. आत मोकळी जागा तयार होते आणि नवी मेल तीच जागा वापरते. फाइल लहान करण्यासाठी ईएसई-युटिलने ऑफलाइन डीफ्रॅग करण्याची जुनी रीत आहे. त्यासाठी डेटाबेस बंद ठेवावा लागतो, नव्या फाइलच्या सुमारे ११० टक्के मोकळी जागा लागते, आणि काम झाल्यावर डेटाबेसची ओळखखूण बदलते. ओळखखूण बदलली की आधीचे लॉग त्याच्यावर चढत नाहीत, त्यामुळे जुना बॅकअप आणि नवे लॉग यांचे नाते तिथेच तुटते आणि तत्काळ पूर्ण बॅकअप घ्यावा लागतो. नवा डेटाबेस करून त्यात मेलबॉक्स हलवणे आणि जुना काढून टाकणे हा मार्ग चांगला. कामकाज चालू असताना तो करता येतो. डॅग नसलेल्या ठिकाणी डेटाबेस २०० जीबीच्या आत ठेवावा, ही मायक्रोसॉफ्टची शिफारसही अशी हलवाहलव अधूनमधून करायला लावते.

येथे बॅकअपशी गाठ पडते. मेलबॉक्स हलवताना जितका डेटा जातो साधारण तितकेच लॉग नव्या डेटाबेसवर तयार होतात, म्हणजे शंभर जीबी हलवले तर शंभर जीबीचे लॉग. एजंटच्या पद्धतीत त्या दिवशी दर चार-सहा तासांनी फक्त त्या डेटाबेसचा इन्क्रिमेंटल बॅकअप लावून लॉग आटोक्यात ठेवता येतात. प्रतिमेच्या पद्धतीत त्यासाठी आख्ख्या मशीनचा जॉब पुन्हा चालवावा लागतो, आणि बदललेले ब्लॉकही बेसुमार असल्याने त्या रात्रीचा बॅकअप नेहमीच्या कितीतरी पट मोठा होतो. साठवणुकीची जागा आधी पाहिली नसेल तर तोही फसतो. विंडोज सर्व्हर बॅकअप वापरणाऱ्याने रोज थोडेथोडे मेलबॉक्स हलवावेत हे बरे. या एका कामापुरता एजंट निर्विवाद सरस आहे.

जाता जाता एक खुलासा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर-सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार जे लॉग १८० दिवस राखायचे, ते हे ट्रान्झॅक्शन लॉग नव्हेत. लेखापरीक्षकाच्या प्रश्नावर गोंधळून लॉग पुसणेच बंद करणारे लोक मी पाहिले आहेत. तिथे मेसेज ट्रॅकिंग, वेब सर्व्हर आणि फायरवॉल यांच्या नोंदी अभिप्रेत असतात. एक्स्चेंज मेसेज ट्रॅकिंगच्या नोंदी मुळात ३० दिवसच ठेवतो, ती मुदत वाढवावी. वेब सर्व्हरचे लॉग मात्र कोणीच पुसत नाही आणि ते सी ड्राइव्ह भरतात, तेव्हा ते दुसरीकडे हलवण्याची सोयही करावी.

परत मिळवणे

रोजच्या मागण्यांपैकी बहुतेक बॅकअपला हात न लावता भागतात. पुसलेली मेल एक्स्चेंज मुळात १४ दिवस आणि पुसलेला मेलबॉक्स ३० दिवस राखून ठेवतो. डिस्क असेल तर मेलची मुदत ३० दिवसांवर नेली की बॅकअपमधून एकेक मेल काढण्याच्या मागण्या खूपच कमी होतात. त्यापलीकडच्या मागणीसाठी मात्र एकेक मेल शोधून काढण्याची सोय असलेले सॉफ्टवेअर हवे. ती सोय चांगल्या एजंटमध्येही असते आणि प्रतिमेच्या सॉफ्टवेअरमध्येही; फरक वापरण्याच्या सुलभतेचा आहे आणि तो दरपत्रकात दिसत नाही. विक्रेत्याला आपल्याच सर्व्हरच्या बॅकअपमधून, आपल्यासमोर, एक मेल काढून दाखवायला सांगावे. जो उद्या येतो म्हणतो आणि येत नाही, त्याचे दरपत्रक बाजूला ठेवायला हरकत नाही.

कोणी काय घ्यावे

एकच एक्स्चेंज सर्व्हर, तोही व्हर्च्युअल, आणि देखभालीला एकच माणूस अशी स्थिती असेल तर प्रतिमा घेणारे सॉफ्टवेअर घ्यावे, त्यातील एक्स्चेंजसाठीची प्रक्रिया आणि लॉग पुसण्याचा पर्याय चालू ठेवावा आणि बॅकअपची एक प्रत डोमेनबाहेरच्या यंत्रावर ठेवावी. सर्व्हर प्रत्यक्ष यंत्रावर असेल, टेप वापरात असेल किंवा मेलबॉक्स वरचेवर हलवावे लागत असतील तर एजंट घ्यावा. दोन सर्व्हरचा डॅग असेल तर दोन्ही पद्धती चालतात, पण माझा कल एजंटकडे आणि निष्क्रिय प्रतीच्या बॅकअपकडे आहे, कारण कामाच्या वेळेतही तो घेता येतो आणि मशीन थबकण्याचा प्रश्न येत नाही. विंडोज सर्व्हर बॅकअप पन्नास-साठ मेलबॉक्सच्या, लवकरच क्लाउडकडे जाणार असलेल्या कार्यालयाला पुरेसा आहे. तिथे पैसे खर्च करण्यात अर्थ नाही. लिनक्सवर पोस्टफिक्स आणि डव्हकॉट ही मेल सर्व्हरची सॉफ्टवेअर चालवणाऱ्यांना यातील लॉगचा भाग लागूच होत नाही: मेलडिर या त्यांच्या साठवण-पद्धतीत प्रत्येक मेल ही एक स्वतंत्र फाइल असते, आणि त्यांचा खरा प्रश्न लाखो लहान फाइल वाचण्यात बॅकअपची रात्र संपून जाते, हा आहे.

एका सॉफ्टवेअरवरून दुसऱ्यावर जाण्याचे ठरले, तर ते शुक्रवारी करू नये. सोमवारी किंवा मंगळवारी जुन्या सॉफ्टवेअरचे वेळापत्रक आधी बंद करावे, त्याच रात्री नव्याने पूर्ण बॅकअप घ्यावा, सकाळी २२४ ची नोंद पाहावी, आणि त्याच आठवड्यात रिकव्हरी डेटाबेसमध्ये एकदा रिस्टोअर करून पाहावे. जुना एजंट काढून टाकल्यानंतर व्हीएसएसमध्ये त्याचा स्वतःचा प्रोव्हायडर (शॅडो कॉपी तयार करणारा भाग) मागे राहिलेला नाही ना, हेही पाहावे. राहिला असेल तर नवे सॉफ्टवेअर त्याच्याशी अडखळते. जुन्या सॉफ्टवेअरच्या साठवणुकीतले बॅकअप मात्र नवे सॉफ्टवेअर सहसा वाचू शकत नाही, म्हणून जुन्या प्रती राखण्याची मुदत संपेपर्यंत त्याचा कन्सोल एखाद्या बाजूच्या मशीनवर तसाच ठेवावा आणि त्याचा पासवर्ड कार्यालयाच्या नोंदवहीत लिहून ठेवावा.